तिसरी-चौथीचं वाचन आणि पुढची वाट : केंद्रप्रमुख, डाएट की पीएच.डी.?

पांझराकाठ (प्रश्नकर्ता)

नमस्कार मंडळी. साक्री तालुका, जि.प. शाळा, द्विशिक्षकी. माझ्याकडे तिसरी-चौथी मिळून २६ मुलं. निम्म्याहून जास्त मुलांना चार ओळींचा परिच्छेद वाचता येत नाही. काहींना अक्षरं येतात पण शब्द जुळत नाही, काही बाराखडी घडाघडा म्हणतात पण मधलंच अक्षर दाखवलं की गप्प. बहुतेकांच्या घरी अहिराणी, पाड्यावरची सहा-सात मुलं भिली बोलणारी. कापूस वेचणीत हजेरी पडते, आणि दिवाळीनंतर काही कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे जातात.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या वर्गापासून सुरुवात कशी करावी? आणि लहान मुलांचं वाचन-लेखन याच विषयात पुढे काम करायचं तर वाट कोणती : केंद्रप्रमुख (आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारा), डाएट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था), एम.एड.-पीएच.डी., की एखादी संस्था? डी.एड. आहे, मराठीत बी.ए., मुक्त विद्यापीठाचं बी.एड. "आधी वर्ग सांभाळा, मग करिअरचं बोला" हे ऐकून झालंय, तेवढं सोडून सांगा.

---

गिरणामाय

भाऊ, वर्गाचं मी सांगते, पदांचं इथली जाणती मंडळी सांगतील.

पहिले आठ दिवस शिकवायची घाई करू नका, नुसतं ऐका. एक कागद करा. वर १० सुटी अक्षरं, ओळीने नाही, विस्कटून. खाली १५ शब्द : पाच बिनमात्रेचे (कमळ, नजर), पाच मात्रेचे (पाणी, किती, पैसे), पाच जोडाक्षराचे (रस्ता, सर्प, प्राणी). त्याखाली चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद. एकेका मुलाला व्हरांड्यात घ्या, तीन-चार मिनिटं पुरतात. रोज पाच-सहा मुलं घेतली तर २६ मुलं आठवड्यात होतात. मूल अडलं की पाच सेकंद थांबा, शब्द सांगून टाकू नका, "पुढचा बघ" म्हणा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बरोबर-चूक अशी खूण न करता मूल काय म्हणालं ते जसंच्या तसं लिहा. 'घर'ला 'धर' म्हणालं तर अक्षराचा घोळ. 'सर्प'ला 'सप्र' म्हणालं तर रफार कुठे उच्चारायचा ते कळलेलं नाही. 'किती'ला 'कत' म्हणालं तर मात्रा गळतेय. आणि 'डोळा'ला 'डोया', 'पाणी'ला 'पानी' म्हणालं तर ती चूकच नाही! पोरगं शब्द बरोबर ओळखून घरच्या उच्चारात म्हणतंय. 'मला' वाचताना 'माले' म्हणालं तर अर्थ पक्का पोचला असं समजा, फक्त छापलेल्या अक्षरावर बोट ठेवून पुन्हा वाचून घ्या. आपल्याकडे अशी मुलं सर्रास 'अप्रगत' खात्यात टाकली जातात आणि खरी अडचण असलेली त्यांच्या गर्दीत लपतात.

मग गट पाडा, इयत्तेने नाही, पातळीने. तुमच्याकडे तीन होतील : अक्षरंच पक्की नाहीत, अक्षरं येतात पण शब्द जुळत नाही, शब्द येतात पण वाक्य रखडत वाचतात.

पहिल्या गटाला बाराखडीचं पाठांतर थांबवा. 'क का कि की कु' म्हणणाऱ्या मुलाला 'कू' दाखवा, ते मनात 'क'पासून मोजत येतं की नाही बघा. त्याला आकृती ओळखू येत नाही, चाल पाठ आहे. त्याऐवजी सहा-सात अक्षरांचा असा संच घ्या की लगेच शब्द होतील. उदाहरणार्थ क, म, न, र, स, ल, आ आणि काना. एवढ्यात काम, नाक, कान, मका, मासा, लाल, रान, आरसा, आमरस होतात, वर "मामा आला" हे वाक्यही. पुढे वेलांटी आणली की "नानी आली". संचातले पंधरा-वीस शब्द न अडखळता वाचता आले की पुढचा संच, तोवर नाही. दिसायला सारखी अक्षरं एका संचात घालू नका : घ-ध, भ-म, ब-व, थ-य, ट-ठ-ढ. 'ख' घाईने लिहिला की मुलं 'रव' वाचतात, म्हणून फळ्यावर ठसठशीत काढा.

दुसऱ्या गटाची अडचण डोळ्यात नसून कानात आहे. ही मुलं 'क', 'म', 'ळ' असं प्रत्येक अक्षर पूर्ण 'अ' लावून सुटं म्हणतात आणि ते तीन आवाज 'कमळ'मध्ये मिटत नाहीत. 'करतो' आपण बोलताना 'कर्तो' म्हणतो हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. रोज दहा मिनिटं तोंडी खेळ : तुम्ही 'का…न' म्हणा, त्यांनी 'कान' म्हणायचं, मग उलट. आठवड्याभराने तेच कार्डावर. वेलांटीकडे वेगळं लक्ष द्या. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते, बोलताना नंतर. म्हणून 'नदि' की 'नदी' या वादापेक्षा वेलांटी कुठल्या अक्षराची हे बोटाने दाखवून घ्या. ऱ्हस्व-दीर्घ वाचताना सोडून द्या, ते लेखनात बघू.

वेळेचं म्हणाल तर भाषेला रोज दीड तास धरा : १५-२० मिनिटं गप्पा-गोष्ट सगळ्यांना मिळून, ३० मिनिटं अक्षर-शब्द गटात, २० मिनिटं तुम्ही वाचून दाखवणं आणि मुलांचं वाचणं, बाकी लेखन. लेखन म्हणजे फळ्यावरून उतरवणं नव्हे. मुलाने स्वतःच्या मनातलं एक वाक्य, चुकत का होईना, लिहायचं. त्याच्या चुकांत तुम्हाला रफार, मात्रा, अनुस्वार सगळं दिसेल.

दर पंधरा दिवसांनी तोच कागद, शब्द बदलून. जुलैत पाडलेले गट मार्चपर्यंत तसेच राहिले की समजा काम थांबलंय. आणि सगळ्यात कच्चा गट वर्गातल्या हुशार मुलीच्या हवाली करू नका. तो तुमचाच.

---

चोपडा_यावल_रोड

ताईंचं बहुतेक मान्य. एक दुरुस्ती : अहिराणी आणि भिली एकाच पारड्यात टाकू नका. अहिराणी बोलणाऱ्या पोराला शाळेची मराठी बऱ्यापैकी कळते, उच्चार नि प्रत्यय वेगळे एवढंच. रावेर-यावलकडच्या तावडी बोलीचंही तसंच. पण भिली, मावची, पावरी बोलणाऱ्या मुलाला पहिल्या वर्षी शाळेची मराठी जवळपास परकी असते. धडगाव-अक्कलकुव्याकडे किंवा शिरपूर-चोपड्याच्या सातपुड्यातल्या पाड्यांवर हे रोज दिसतं. असं मूल कधीकधी अक्षर जोडून शब्द स्वच्छ वाचतं आणि काहीच कळत नाही. तपासणीत ते 'वाचक' ठरतं, म्हणून जास्त धोका.

त्या सहा-सात मुलांसाठी वेगळी चाचणी एकच : वाचून झाल्यावर "काय झालं सांग" म्हणा आणि त्याला भिलीत सांगू द्या. भिलीत नीट सांगितलं तर प्रश्न बोलण्याच्या मराठीचा आहे. भिलीतही नाही सांगितलं तर अर्थच पोचला नाही. अंगणवाडीताई किंवा पाड्यावरची एखादी शिकलेली मुलगी आठवड्यातून दोनदा अर्धा तास बसली तर ६०-७० नेहमीच्या शब्दांची तुमची स्वतःची यादी होते : घरातली भांडी, शेतातली कामं, जनावरं, नाती. पहिले वाचनाचे शब्द या यादीतूनच काढा. पाठ्यपुस्तकातला शहरातला बाग-घसरगुंडीचा शब्द नंतर येईल.

स्थलांतराचं गणित आधीच मांडा. ऊसतोडीला जाणारं मूल जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंतच तुमच्या हातात असतं, त्यातही कापसाच्या दिवसांत तुकडे पडतात. म्हणून त्या मुलांचे अक्षरसंच आधी उरका, पाठ्यपुस्तकातला क्रम बाजूला ठेवा. जाताना शिक्षण हमी कार्ड (दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून) देतोच आपण, पण त्यावर 'इयत्ता ३ री' एवढंच असलं तर पलीकडच्या शिक्षकाला काय कळणार? सोबत अर्ध्या पानाची चिठ्ठी द्या : कोणते संच झाले, कोणत्या मात्रा येतात, कुठे अडतं. गावात नातेवाइकांकडे राहू शकत असेल तर हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव दिवाळीआधी पाठवा, नंतर धावपळ होते आणि मूल ट्रकमध्ये बसून गेलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये परतलं की जुन्या नोंदीवर भरवसा न ठेवता पुन्हा कागद घ्या. मधल्या महिन्यांत मात्रा सगळ्यात आधी विसरतात.

---

निवृत्त_अधिव्याख्याता

सर, वाटांबद्दल. सगळ्या वाटांना 'शैक्षणिक नेतृत्व' म्हणतात, पण प्रत्येकीत मुलांच्या वाचनाशी संबंध किती उरतो ते वेगवेगळं आहे. ते बघून निवडा.

केंद्रप्रमुख : काही पदं सेवाज्येष्ठतेने पदोन्नतीची, काही मर्यादित विभागीय स्पर्धा परीक्षेची. ती परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. प्रमाण आणि पात्रतेच्या अटी शासन निर्णयागणिक बदलत आल्या आहेत, त्यामुळे मित्राने सांगितलेल्या अटीवर जाऊ नका, त्या वर्षीची अधिसूचना वाचा. वर्गाच्या सर्वांत जवळचं अधिकाराचं पद हेच.

राज्यसेवेची वाट : महाराष्ट्र शिक्षण सेवा, गट ब, लोकसेवा आयोगामार्फत. यातून उपशिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी अशी पदं मिळतात. पगार, अधिकार चांगला. वाचनाशी संबंध मात्र फाइलीतून. न्यायालयीन प्रकरणं, बदल्या, पोषण आहार, बांधकाम यांतच दिवस जातो.

डाएट : १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जन्मलेली संस्था. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत आहे. प्राचार्य, ज्येष्ठ अधिव्याख्याता, अधिव्याख्याता ही नियमित पदं. तिथे शिक्षक म्हणून तात्पुरतं काम करायचं असेल तर विषय सहायक म्हणून प्रतिनियुक्तीचा मार्ग असतो. तुमच्या विषयासाठी हीच जागा योग्य, कारण प्रशिक्षणाचा मजकूर इथे तयार होतो. गटसाधन केंद्रातल्या विषय साधनव्यक्तीचं काम आकर्षक वाटतं, पण ते समग्र शिक्षा या सरकारी योजनेतलं कंत्राटी पद आहे. नियमित नोकरी सोडून तिकडे जाणं शहाणपणाचं नाही.

पदवीचं : एम.एड. नियमित करायचं तर रजेचा प्रश्न येतो. दूरशिक्षणातून एम.ए. शिक्षणशास्त्र होतं, पण ज्या पदासाठी करताय त्याच्या नियमात 'एम.एड.' लिहिलंय की 'शिक्षणशास्त्रातली पदव्युत्तर पदवी', हे आधी शब्दशः बघा. याच एका शब्दावर लोकांची दोन वर्षं वाया जातात. आणि प्रवेश घेण्यापूर्वी गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत लेखी पूर्वपरवानगी. नंतर सेवापुस्तकात नोंद घेताना हा कागद नसेल तर पदवी असूनही पदोन्नतीच्या यादीत वाद होतो.

---

केंद्रस्तर

निवृत्त सरांनी "वर्गाच्या सर्वांत जवळचं पद" म्हटलं. कागदावर, हो. प्रत्यक्षात केंद्रप्रमुखाचा दिवस यूडायस (शाळांची ऑनलाइन सरकारी माहिती), पोषण आहाराची माहिती आणि "आज सायंकाळी पाचपर्यंत पाठवा" या संदेशांत जातो. पदावर गेल्यावर वाचनाचं काम करायचं असेल तर ते वेळापत्रकात आधीच ठोकून बसवावं लागतं, उरलेल्या वेळात ते कधीच होत नाही.

करता येण्यासारखं काम सांगतो. शाळाभेटीत पाच वर्गांत पाच-पाच मिनिटं डोकावण्यापेक्षा एका वर्गात पूर्ण तासिका बसा, मागच्या बाकावर. वह्या नंतर. हजेरीपटावरून कोणतेही पाच क्रमांक निवडा आणि त्या मुलांना स्वतः वाचायला सांगा. शिक्षकाला निवडू दिलं तर त्याच दोन मुली पुढे येतात. भेटीनंतर शिक्षकाशी दहा मिनिटं बोला. एकच बदल ठरवा, पाच नाही. उदाहरणार्थ "पुढच्या भेटीपर्यंत बाराखडीच्या पाठांतराऐवजी तोंडी जोड-खेळ". पुढच्या भेटीत फक्त तेवढंच बघायचं. शेरेबुकात "अध्यापन समाधानकारक, मुलांची प्रगती चांगली" लिहून कुणाचं काही सुधारत नाही.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत महिन्यातून एक तास याला द्या. एका मुलाचं दीड मिनिटाचं वाचन मोबाइलवर ऐकवा, नाव-गाव न सांगता, आणि प्रत्येक शिक्षकाला ऐकून चुका टिपायला सांगा. एकाच आवाजावर वीस शिक्षकांच्या वीस नोंदी येतात. खरं प्रशिक्षण त्या मतभेदात आहे, पीपीटीत नाही.

आणि आकड्यांबद्दल सावध राहा. निपुण भारत हे पायाभूत वाचन-गणिताचं केंद्र सरकारचं अभियान २०२१ मध्ये सुरू झालं, तिसरीअखेर अर्थ कळून मिनिटाला किमान ६० शब्द हे त्याचं लक्ष्य. लक्ष्य चांगलं आहे, पण ते अहवालाचं खातं झालं की सगळी मुलं ऑनलाइन अर्जात निपुण होतात. यावर इलाज म्हणजे शेजारच्या शाळेच्या शिक्षकाने येऊन पाच मुलं ऐकणं, अदलाबदलीने. पण त्या तपासणीवरून एकालाही नोटीस काढली की पुढच्या महिन्यापासून सगळे शेजारी एकमेकांना पास करतील.

---

पांझराकाठ

सगळ्यांचे आभार, ताई आणि सर. तीन गोष्टी राहिल्या. ६० शब्द मोजायचे कसे, कारण माझ्या मोजण्यात एकाच मुलाचे आकडे दोन दिवशी फार वेगळे येतात. पीएच.डी.ला विषय कसा असावा? आणि प्रौढ साक्षरतेचं काम यात धरलं जातं का?

---

गिरणामाय

आकडे हलण्याचं कारण बहुधा उतारा. मराठीत 'झाडाखालच्या', 'आईबरोबरसुद्धा' हे एकेक शब्द आहेत, तर 'तो', 'मी', 'हा' हेही एकेकच. दोन उताऱ्यांतले ६० शब्द सारख्या लांबीचे नसतात. म्हणून सरासरी शब्दलांबी जवळपास सारखी असलेले चार उतारे निवडून वर्षभर तेच आळीपाळीने वापरा, पाठ्यपुस्तकातला एकही नको. ७०-८० शब्दांचा, वर्गात न शिकवलेला उतारा, एक मिनिट. मिनिट संपलं त्या शब्दावर रेघ, एकूणातून चुकलेले वजा. शब्द सुटला, बदलला किंवा पाच सेकंदांत आला नाही तर चूक. स्वतःहून दुरुस्त केला तर बरोबर. घरच्या उच्चारातला शब्द बरोबर. मग चार प्रश्न : दोन सरळ उताऱ्यातले, एक "असं का झालं असेल", एक मुलाच्या मताचा. ६५ शब्द वाचून एकाही प्रश्नाचं उत्तर नाही, तर तो आकडा रकान्यात लिहू नका, शेजारी 'अर्थ नाही' असा शेरा लिहा. आणि मुलांना घड्याळ दाखवू नका. शर्यत लागली की विरामचिन्हं गिळली जातात.

---

निवृत्त_अधिव्याख्याता

पीएच.डी. : आपल्या तिन्ही जिल्ह्यांना कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. मार्गदर्शकाकडे जागा आहे का हे प्रवेश परीक्षेच्या आधी विचारा, नंतर नव्हे. विषय "खान्देशातील प्राथमिक शाळांतील वाचन समस्यांचा चिकित्सक अभ्यास" असा असेल तर तो कुणीच संपवू शकत नाही, फक्त प्रश्नावल्या भरतो. "अहिराणी भाषक तिसरीच्या मुलांच्या मात्रा-वाचनातील चुकांचे प्रकार" हा पुरा होतो, आणि डाएटला उपयोगी पडतो. आज वर्गात टिपलेले कागद जपून ठेवा, मुलांची नावं काढून क्रमांक घालून. आवाज टिपायचे तर पालकांची लेखी संमती हवी. आधी वाचायचं असेल तर लिरिल हा भारतीय भाषांतल्या साक्षरतेवरचा संशोधन प्रकल्प पाहा : पालघर जिल्ह्यातलं वाडा आणि कर्नाटकातलं यादगीर इथे पहिली ते तिसरीच्या मुलांचा मराठी-कन्नड वाचन-लेखनात केलेला मागोवा. मुलाखतीतही वर्षभराच्या अशा नोंदी दाखवता आल्या तर प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा जास्त बोलतात.

संस्थांचं : प्रथम, सोनाळ्याची क्वेस्ट, फलटणची प्रगत शिक्षण संस्था ही मराठी वाचनावर खोल काम केलेली ठिकाणं. नोकरी सोडायची गरज नाही. सुट्टीत जाऊन त्यांचं साहित्य आणि वर्ग बघून या.

---

चोपडा_यावल_रोड

प्रौढांचं काम धरलं जातं, पण तीच पद्धत लावून चालत नाही. उल्लास या केंद्राच्या साक्षरता योजनेत १५ वर्षांवरचे निरक्षर येतात, शेवटी परीक्षा १५० गुणांची : वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता २०११ च्या जनगणनेत सुमारे ६४ टक्के होती, म्हणजे काम भरपूर. पण बाईला 'मामा आला' देऊ नका. स्वतःचं नाव, एस.टी.ची पाटी, रेशन दुकानाचा फलक, बँकेची स्लिप इथून सुरुवात. वर्ग रात्री जेवणं उरकल्यावर, कापूस-कांद्याच्या हंगामात बंद ठेवायचा हे आधीच सांगून टाका, म्हणजे गळती वाटत नाही. अक्षर मोठ्या टाइपात, आणि चष्म्याचा प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवा. चाळिशीनंतरच्या लोकांना अक्षर ओळखू येत नाही असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा दिसतच नसतं. गावात डोळे तपासणीचं शिबिर असेल त्या आठवड्यातच वर्ग सुरू करा.

---

केंद्रस्तर

आणि सर, अर्ज-परीक्षेच्या आधी गावातच एक करून बघा. शेजारच्या दोन शाळांच्या शिक्षकांना शनिवारी दुपारी बोलवा, तिघांनी मिळून तोच कागद, तीच मुलं, नोंदी ताडून पाहा. परवानगी मुख्याध्यापकांची पुरते. दुसऱ्या शाळेतला शिक्षक तुमच्या नोंदींवर वाद घालायला लागला की पुढच्या शनिवारची वेळ तिथेच ठरवून घ्या.